चित्र शाबूत, दिवा गेलेला

संगणकाचा मॉनिटर महिन्या-महिन्याने मंद होत जातो, किंवा एखाद्या सकाळी सुरू होताच दोन सेकंद चित्र दाखवून काळा पडतो, तेव्हा मिळणारा सल्ला बहुधा ठरलेला असतो: डिस्प्ले गेला, नवीन घ्या. ग्राहकाला तो पटतोही, कारण समोर काही दिसत नसतं आणि जे दिसत नाही ते संपलं असं आपण धरून चालतो. अंधुकपणाच्या तक्रारीवर दिलेलं हे उत्तर निदान म्हणून टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. मॉनिटरमध्ये चित्र घडवणारा भाग वेगळा आणि उजेड देणारा भाग वेगळा असतो. दोघांची बिघडण्याची कारणं वेगळी, लक्षणं वेगळी आणि किमतींतही मोठं अंतर. चित्र घडवणारं पॅनेल हा मॉनिटरमधला सर्वांत महाग भाग, तर उजेडाची व्यवस्था त्या मानाने बरीच स्वस्त. मॉनिटर अंधुक होतो तो जवळपास नेहमी या स्वस्त भागामुळे, आणि मोडीत जाताना मात्र महाग भागासकट सगळाच जातो. म्हणून कोणता भाग गेला आहे हे ठरल्याशिवाय मॉनिटर टाकून देऊ नये. हे ठरवण्याची पहिली चाचणी घरातल्या साध्या टॉर्चने होते.

एलसीडीचं पॅनेल स्वतः उजेड देत नाही, इथून सुरुवात केली की पुढचं बरंच काही उलगडतं. या पॅनेलमध्ये दोन काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. द्रवासारखा वाहणारा, तरी रेणूंची रांग स्फटिकासारखी राखणारा हा पदार्थ १८८८ मध्ये प्राग इथे फ्रीडरिख रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आला. त्याच्या जोरावर चित्र दाखवता येतं हे अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये जाहीर केलं. विजेचा दाब बदलला की रेणू वळतात आणि त्या-त्या ठिकाणाहून किती उजेड पलीकडे जाणार हे ठरतं. पॅनेलचं काम तेवढंच, अडवणं किंवा जाऊ देणं. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात बाहुली वेगळी आणि पडद्यामागचा दिवा वेगळा असतो, तशीच ही रचना आहे. दिवा विझला म्हणून बाहुली फाटत नाही. शिवाय पॅनेल उजेड फार खातं. त्यातले पोलरायझर निम्म्याहून जास्त उजेड गिळतात, नंतर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या उरलेल्यातला सुमारे दोन-तृतीयांश अडवतात. मागच्या दिव्याने दिलेल्या १०० भागांपैकी डोळ्यांपर्यंत पोचतात ते दहापेक्षाही कमी. त्यामुळे मागे प्रखर दिवा ठेवावाच लागतो, तो तासन् तास जळतो, आणि मॉनिटरमधली बरीचशी उष्णता त्या दिव्याशी आणि त्याला वीज पुरवणाऱ्या बोर्डाशीच तयार होते. जिथे उष्णता आणि ताण, तिथे बिघाड आधी.

पॅनेल खरोखर बिघडतं तेव्हा ते वेगळ्या तऱ्हेने बिघडतं. उभ्या किंवा आडव्या रेघा येतात, एखादी पट्टी एकाच रंगात गोठते, काच दबली असेल तर शाईसारखा काळा डाग पसरतो, किंवा पॅनेलला येणारा सिग्नल तुटून सगळा पडदा पांढरा होतो. चित्र अचूक आहे, अक्षरं जागच्या जागी आहेत, रेघ नाही, डाग नाही, फक्त सगळं सारखंच अंधुक आहे, असं व्हायला पॅनेलकडे सहसा कारणच नसतं. लाखो बिंदूंनी एकाच वेळी, एकाच प्रमाणात उजेड अडवायला सुरुवात करावी, असा बिघाड कल्पनेतही अवघड जातो. या सगळ्या बिंदूंना सामाईक असलेली गोष्ट एकच, मागचा दिवा.

तरीही दिव्यावर आळ घेण्याआधी थोडी चौकशी करावी लागते, कारण काही मॉनिटर बिघाड नसतानाही मंद असतात. वीजबचतीचा इको मोड, खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा कमी-जास्त करणारा सेन्सर, चित्र गडद असलं की दिवा आपोआप उतरवणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, यांतलं काहीतरी मेन्यूत चुकून सुरू झालेलं असतं. विंडोजमध्ये एचडीआर चालू केलं आणि मॉनिटर त्या कुवतीचा नसला, तर रोजचं काम एकदम फिकट आणि काळवंडलेलं दिसू लागतं. अशा वेळी मॉनिटरचा मेन्यू उघडून फॅक्टरी रीसेट करावा, आणि तो मेन्यू स्वतः कसा दिसतो हे नीट पाहावं. हा मेन्यू मॉनिटरच तयार करतो, संगणकाचा त्याच्याशी संबंध नसतो. मेन्यू लख्ख आणि बाकी चित्र अंधुक असेल तर दोष संगणकाच्या सेटिंगमध्ये, ग्राफिक्समध्ये किंवा केबलमध्ये शोधावा. मेन्यूही तितकाच मंद असेल तर दोष मॉनिटरच्या पोटात आहे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा गोंधळ संपतो. बसण्याची उंचीही बघून घ्यावी. स्वस्त टीएन पॅनेल खालून पाहिलं की काळवंडतं. हे कमी व्हावं म्हणून त्यावर एक विशेष पापुद्रा लावतात आणि तो चकतीच्या आकाराच्या रेणूंच्या द्रवस्फटिकापासून बनवता येतो. हा प्रकार १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला होता. जगभरच्या टेबलांवरच्या पडद्यांत भारतीय प्रयोगशाळेतल्या कामाचा हा धागा आहे, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो याची खंत वाटते.

आता टॉर्च. खोलीत अंधार करावा, मॉनिटर संगणकाला जोडून चालू ठेवावा आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरून हळूहळू फिरवावी. मागचा दिवा गेला असेल पण पॅनेल काम करत असेल, तर प्रकाशाच्या त्या छोट्या वर्तुळात डेस्कटॉपवरची चिन्हं, खिडक्यांच्या कडा, घड्याळाचे आकडे राखाडी छायेसारखे उमटतात. माउस हलवला की बाणही सरकताना दिसतो. टॉर्चचा उजेड पॅनेलमधून आत जातो, मागच्या पांढऱ्या कागदावरून परततो आणि पुन्हा पॅनेलमधून बाहेर येतो; दोनदा गाळला गेल्यामुळे तो इतका क्षीण असतो, म्हणून अंधार हवा आणि थोडा धीरही हवा. चित्र दिसलं की पॅनेल, मुख्य बोर्डाचा चित्र तयार करणारा भाग, केबल, संगणक हे सगळे एकाच वेळी निर्दोष ठरतात आणि चौकशी एका कोपऱ्यात येऊन थांबते. काहीच दिसलं नाही, तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नये. टॉर्च कमजोर असू शकते, संगणक झोपेत गेलेला असू शकतो, किंवा सिग्नलच येत नसेल. दुसरी केबल आणि दुसरा संगणक लावून पाहिल्यावरच मुख्य बोर्डाकडे बोट दाखवावं.

दिवा कोणता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. साधारण २०१० च्या आगेमागे बाजार बदलला. त्याआधीच्या मॉनिटरमध्ये सीसीएफएल म्हणजे कोल्ड कॅथोड ट्यूब असतात. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या या काचेच्या नळ्या पडद्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला बसवलेल्या असतात. आत वायू, काही मिलिग्रॅम पारा आणि काचेला आतून प्रकाशचूर्णाचा लेप. त्या पेटवायला हजार व्होल्टच्या वर आणि जळत्या ठेवायला सहा-सातशे व्होल्ट लागतात. म्हणून इन्व्हर्टर नावाचा बोर्ड बारा-पंधरा व्होल्टपासून सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा उलटसुलट होणारा उच्च दाब तयार करतो. ट्यूब म्हातारी होते तेव्हा अचानक विझत नाही. ती तांबूस, गुलाबी होते, सकाळी पूर्ण उजळायला वेळ घेते, कडा काळ्या पडतात. कंपन्या ट्यूबचं आयुष्य तीस ते पन्नास हजार तास सांगतात, तेव्हा त्यांचा हिशेब ट्यूबचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो, ती बंद पडेपर्यंतचा नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे. नवा मॉनिटर साधारण २५० ते ३०० निट (निट हे पडद्याच्या तेजाचं एकक) उजेड देतो. तो निम्मा झाला तरी सव्वाशे-दीडशे निट उरतात, आणि इंटरनेटवरच्या रंगांचं जे एसआरजीबी प्रमाण आहे ते ८० निटचा पडदा गृहीत धरून ठरवलेलं आहे. म्हणजे खिडकीसमोरून टेबल हलवलं तर म्हातारा मॉनिटरही घरातल्या हिशेबाला, मुलांच्या अभ्यासाला, कार्यालयातल्या नोंदींना पुरतो. तो अंधुक आहे याचा अर्थ निकामी आहे असा होत नाही.

दोन सेकंद उजळून काळा पडणाऱ्या मॉनिटरची गोष्ट निराळी. हे वयाचं लक्षण नाही, हा इन्व्हर्टरचा निर्णय असतो. प्रत्येक ट्यूबमधून किती प्रवाह वाहतो यावर तो सतत नजर ठेवून असतो. एक ट्यूब पेटली नाही, कुठे तारेचा जोड सैल झाला, ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तुटली, किंवा आत येणारा बारा व्होल्टचा पुरवठा खचला, की आग लागू नये म्हणून तो सगळ्याच ट्यूब बंद करतो. चार ट्यूबपैकी तीन ठणठणीत असूनही पडदा पूर्ण काळा होतो तो यामुळे. वापरणारा पुन्हापुन्हा बटण दाबतो, दोन सेकंद चित्र येतं, पुन्हा जातं. या खेळात ट्यूब क्वचितच गुन्हेगार निघते. बऱ्याचदा गुन्हेगार असतो पॉवर सप्लायच्या बोर्डावरचा एखादा दहा-वीस रुपयांचा कपॅसिटर.

कपॅसिटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण एका पिढीचे मॉनिटर त्याच्यामुळे भंगारात गेले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या डब्यात ओल्या रसायनात भिजवलेली पातळ पत्र्याची गुंडाळी. वीजपुरवठ्यातले चढउतार सपाट करणं हे त्याचं काम. आतलं रसायन उष्णतेने सुकत जातं आणि त्याचा अंतर्गत विरोध, म्हणजे ईएसआर, वाढत जातो. १०५ अंशांवर दोन हजार तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर दर दहा अंश गारव्याला आयुष्य दुप्पट करतो असा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने ६५ अंशांवर तो ३२ हजार तास चालायला हवा. पण मॉनिटरच्या बंद पाठीमागे, इन्व्हर्टरच्या शेजारी, त्याला असा गारवा कुठून मिळणार? त्यात साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक कपॅसिटरांमधलं पाणीदार रसायन सदोष निघालं. आत वायू साचून डबे फुगले, गळले, आणि मदरबोर्डपासून मॉनिटरपर्यंत जगभरची उपकरणं वेळेआधी बंद पडली. थकलेल्या कपॅसिटरचं लक्षण ओळखू येण्यासारखं असतं. इन्व्हर्टर पेटताना एकदम जास्त प्रवाह मागतो, कपॅसिटर तो देऊ शकत नाही, बारा व्होल्ट क्षणभर आठ-नऊवर येतात आणि इन्व्हर्टर माघार घेतो. काही वेळ चालू ठेवलं की बोर्ड गरम होतो, उष्णतेने ईएसआर तात्पुरता उतरतो आणि मॉनिटर अचानक नीट चालू लागतो. ‘सकाळी चार-पाच वेळा बटण दाबावं लागतं, मग दिवसभर चालतो’ ही तक्रार ऐकली की जाणता कारागीर आधी कपॅसिटर बघतो.

पाठीचं झाकण उघडलं की हा दोष अनेकदा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कपॅसिटरच्या माथ्यावर अधिकचिन्हासारखी किंवा के अक्षरासारखी खाच असते. दाब वाढला तर तिथून वाट मिळावी म्हणून ती पाडलेली असते. चांगल्या कपॅसिटरचा माथा नाण्यासारखा सपाट, फुगलेल्याचा घुमटीसारखा वर आलेला, कधी खाचेत वाळलेला तपकिरी डाग, कधी बुडाशी चिकट ओल. पण माथा सपाट आहे म्हणून निर्दोष ठरवणं हे चुकीचं. काही कपॅसिटर आतल्या आत सुकतात आणि ते फक्त ईएसआर मीटरवरच कळतं. बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशांचं, ईएसआर कमी असलेला, आणि पांढऱ्या पट्टीची बाजू ऋण टोकाला. एकच फुगलेला दिसला तरी त्या रांगेतले सगळे बदलावेत, कारण सगळ्यांनी तीच उष्णता सोसलेली असते. कपॅसिटर ठीक निघाले, तर मुख्य बोर्डाकडून इन्व्हर्टरला येणाऱ्या दोन तारा मोजायच्या, एक ‘दिवा चालू कर’ सांगणारी आणि दुसरी ‘किती उजळ’ हे सांगणारी. पहिलीवर तीन ते पाच व्होल्ट येत असून ट्यूब पेटत नसेल तर दोष इन्व्हर्टरकडे किंवा ट्यूबकडे. येतच नसेल तर मुख्य बोर्डाकडे. इन्व्हर्टरवर जुळे ट्रान्सफॉर्मर असतील तर दोघांच्या उच्चदाबाच्या वेटोळ्यांचा रोध बोर्ड बंद असताना मोजून ताडून पाहावा. एकाचा दुसऱ्यापेक्षा फार वेगळा आला किंवा आलाच नाही, की तार तुटलेली समजावी.

एलईडीच्या मॉनिटरबाबत मात्र माझा युक्तिवाद थोडा आखडता घ्यावा लागतो. इथे ट्यूबऐवजी पडद्याच्या एका कडेला पांढऱ्या एलईडींची पट्टी असते आणि त्यांचा उजेड ॲक्रिलिकच्या जाड तावातून सगळीकडे पसरतो. प्रत्येक एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात. असे अनेक एका माळेत जोडलेले असल्यामुळे त्यांना वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तीस-चाळीस व्होल्टपर्यंत दाब वाढवतो. माळेतला एक एलईडी तुटला की ती पूर्ण माळ विझते; दोन माळा असतील तर पडदा एका बाजूला किंवा ठिपक्याआड ठिपका असा मंद होतो, आणि काही ड्रायव्हर दोष दिसताच सगळंच बंद करतात. तपासणी सोपी आहे. पट्टीला जाणाऱ्या तारांवर व्होल्ट मोजले, की ते क्षणभर उसळून खाली येतात की मुळात वाढतच नाहीत, यावरून पट्टी तुटली आहे की ड्रायव्हर गेला आहे हे कळतं. दुरुस्ती मात्र सोपी नाही. पट्टीपर्यंत पोचायला पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. त्याच्या कडेला कागदाइतक्या पातळ लवचिक पट्ट्या असतात आणि त्या दुमडल्या तर शाबूत पॅनेल तिथेच कायमचं जातं. मधल्या पांढऱ्या पापुद्र्यांत धुळीचा एक कण राहिला तरी तो पडद्यावर डागासारखा दिसतो. म्हणून पट्टी बदलायचं काम घरच्या टेबलावर करू नये, आणि ते न केलेल्या कारागिराकडेही देऊ नये.

इथे पहिला आक्षेप येतो तो जिवाच्या सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश केला की मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते तिथेच असतात. चालू इन्व्हर्टरला बोट लागलं तर भाजतं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये तर वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो. तो उघडूच नये. पण हा धोका झाकणाच्या आतला आहे. मेन्यूची परीक्षा, केबल बदलणं, टॉर्च, सकाळचं आणि दुपारचं वागणं टिपून ठेवणं, गुलाबी छटा, कडेचा अंधार हे सगळं झाकणाच्या बाहेर, कोरड्या हातांनी, विनाधोका होतं आणि निदानाचा मोठा भाग तिथेच उरकतो. झाकण उघडण्याचं काम मुख्य कपॅसिटर रोध लावून रिकामा करणं ज्याला ठाऊक आहे त्याचं. घरच्या माणसाने निदान करावं आणि दुरुस्ती जाणकाराने, अशी विभागणी केली की सुरक्षिततेचा आक्षेप निदानाच्या आड येत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा: नवा मॉनिटर सहा-सात हजारांपासून मिळतो, मग जुन्यावर मजुरी का घालायची? मजुरी हाच दुरुस्तीतला खरा खर्च आहे, हे मान्य. पण ही तुलना निदान झाल्यावर करायची असते. ‘डिस्प्ले गेला’ असं ठरवून टाकलं की दुरुस्तीचा भाव पॅनेलच्या किमतीवर काढला जातो आणि नवा मॉनिटर आपोआप स्वस्त ठरतो. तोच मॉनिटर ‘बॅकलाइट येत नाही, टॉर्चने चित्र दिसतं, गरम झाल्यावर चालतो’ असं सांगून नेला, तर बोलणं पॉवर बोर्डाच्या दुरुस्तीवर येतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली बुधवार पेठ अशा बाजारांत लागणारे कपॅसिटर मोजून मिळतात आणि हे काम जाणणाऱ्या हातांना ते नवं नाही. शाळा, पतसंस्था, ग्रंथालयं यांच्यासाठी तर हिशेब आणखी दुरुस्तीच्या बाजूने झुकतो. तिथे एकाच वेळी एकाच मॉडेलचे बरेच मॉनिटर घेतलेले असतात आणि ते एकाच सुमारास, एकाच कारणाने आजारी पडतात. एकाचं पॅनेल फुटलं असेल आणि दुसऱ्याचा इन्व्हर्टर गेला असेल तर दोघांतून एक चालता मॉनिटर उभा राहतो. सगळे एकगठ्ठा मोडीत काढण्याआधी प्रत्येकावर टॉर्च फिरवायला एक दुपार पुरते.

विजेचा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ट्यूबचा २२ इंची मॉनिटर साधारण ४० वॅट घेतो, तसाच एलईडीचा २० च्या आसपास. रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर फरक ४८ युनिटांचा पडतो. दहा रुपये दराने वर्षाला पाचशेच्या आत. दिवसभर चालणाऱ्या मोठ्या कार्यालयात हा आकडा मॉनिटरांच्या संख्येने गुणला की बदलण्याच्या बाजूला वजन येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात, जिथे पडदा रोज दोन तास चालतो, तिथे हाच फरक वर्षाला सव्वाशे रुपयांच्या आत राहतो. शिवाय ट्यूबच्या जागी एलईडीची पट्टी बसवण्याचे संचही मिळतात. रंगांची छटा थोडी बदलते, पण वीज वाचते आणि पाराही जातो. दुरुस्त केलेला मॉनिटर टिकत नाही, असंही म्हणतात. कपॅसिटर बदललेल्या बोर्डाबाबत हे खरं धरायला कारण नाही, कारण दर्जेदार नवा कपॅसिटर जुन्या सदोष कपॅसिटरपेक्षा जास्त टिकतो. ट्यूबच म्हातारी असेल आणि फक्त इन्व्हर्टर बदलला असेल, तर मात्र पुढची तक्रार लवकर येईल, आणि ते कारागिराने आधी सांगायला हवं.

काही मॉनिटर टाकावेच लागतात: पॅनेल फुटलेला, सगळ्या ट्यूब गुलाबी पडलेला आणि सुटे भाग न मिळणारा. ते भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ नयेत, कारण ट्यूब फुटली की पारा हवेत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उपकरण बनवणाऱ्यांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे, आणि अधिकृत संकलन केंद्राकडे तो देणं हाच सरळ मार्ग. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. उरलेल्याचं काय होतं हे पाहता, चालू शकणारा पडदा त्या ढिगात न पाठवणं हे पुनर्प्रक्रियेपेक्षा वरचं काम आहे.

जुन्या ट्यूबच्या मॉनिटरला आज एक मोठी सोय आहे: त्याचे बहुतेक कमकुवत भाग सर्वसाधारण बाजारातले आहेत. कपॅसिटर कोणत्याही कंपनीचा चालतो, इन्व्हर्टरही मापात बसणारा मिळतो. एलईडीची पट्टी मात्र त्या-त्या मॉडेलची असते. लांबी, एलईडींची संख्या, माळांची जोडणी सगळं वेगळं, आणि काही वर्षांत ती बाजारातून नाहीशी होते. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून मॉनिटर आणि टीव्ही विकणाऱ्यांना पॉवर सप्लाय, जोडण्या, कपॅसिटर यांसारखे सुटे भाग शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान सात वर्षं व्यावसायिक कारागिरांना पुरवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांनी नुसते सेवा केंद्रांचे पत्ते देऊन भागणार नाही. मॉनिटरच्या पाठीवर जसे व्होल्ट आणि वॅट छापतात तसा बॅकलाइटच्या पट्टीचा क्रमांक, तिचे व्होल्ट आणि ती किती वर्षं मिळेल हेही छापलं जावं. ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि एकगठ्ठा खरेदी करणाऱ्या सरकारी कार्यालयांनी निविदेतच घालायला हवी, कारण हजार मॉनिटर घेणाऱ्याचं म्हणणं विक्रेत्याला ऐकावंच लागतं.